बाळाचं वजन आणि पुढची तारीख

चौतिसाव्या आठवड्याचा सोनोग्राफी रिपोर्ट. दोन पानं भरून मोजमापं आणि तळाशी एक ओळ: अंदाजे वजन १९०० ग्रॅम, सातवं पर्सेंटाइल, वाढ कमी असण्याची शक्यता. पाकीट आधी नवरा उघडतो. मग रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, आणि डॉक्टरच्या टेबलापर्यंत येईतो निदान आणि उपचार दोन्ही ठरलेले असतात. सासूबाईंच्या मते ही धड जेवतच नाही. माहेरच्यांच्या मते सासरी तिला धड जेवू देत नाहीत. नणंदेनं प्रोटीन पावडरीचा डबा आणूनही ठेवलेला असतो. जिच्या पोटात बाळ आहे ती तेवढी गप्प असते. सगळे बाहेर गेले की हळूच विचारते, "मॅडम, माझं काय चुकलं?"

गर्भातल्या बाळांच्या वाढीवर लक्ष ठेवणं हेच माझं रोजचं काम असल्यामुळे हा प्रश्न नेहमीचा झाला आहे. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: काही चुकलेलं नाही. त्यापुढचं सांगणं मात्र थोडं लांबतं. या काळजीवर घरोघरी जो उपाय सुरू होतो तो ताटातला असतो, आणि खरा उपाय असतो तो कॅलेंडरवर. पुढची तपासणी कधी, तिच्यात काय बघायचं आणि काय दिसलं तर बाळंतपण अलीकडे आणायचं, हे ज्या घराला समजतं त्या घराची झोप थोडी तरी परत येते.

आधी तो सातवा क्रमांक. तेवढ्याच आठवड्यांची शंभर बाळं वजनाप्रमाणे ओळीनं लावली, तर हे हलक्या टोकाकडून सातवं. ओळ लावली की कुणीतरी सातवं असणारच. पाच फुटांच्या आतली आई आणि शिडशिडीत बाप यांचं बाळ सातवं असलं, तर ते आपल्या घराण्याला साजेसं वागतंय एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. म्हणून 'लहान बाळ' आणि 'वाढ खुंटलेलं बाळ' या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी त्यावर एकमत करून घेतलं. वजन किंवा पोटाचा घेर तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली असेल, तर वाढ खुंटली असं तेवढ्यावरच म्हणता येतं. तीन ते दहाच्या मधल्या बाळाला मात्र आणखी पुरावा लागतो. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह मोजणाऱ्या तपासणीत, तो प्रवाह बिघडलेला दिसायला हवा, किंवा आधी बऱ्या रेषेवर वाढणारं बाळ पुढच्या मोजणीत बरंच खाली घसरलेलं असायला हवं.

शिवाय १९०० हा आकडा काट्यावर तोललेला नसतो. डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी एका सूत्रात घालून तो काढतात, आणि त्यात दहा-पंधरा टक्क्यांची तफावत सहज पडते. म्हणजे बाळ प्रत्यक्षात साडेसोळाशे ग्रॅमचं असेल, नाहीतर एकवीसशेचंही असेल. शुक्रवारी एका सेंटरवर मोजून सोमवारी दुसरीकडे 'खात्री करून घेणारे' नातेवाईक म्हणूनच स्वतःचा ताप वाढवतात. दोन मोजण्यांत निदान दोन आठवड्यांचं अंतर हवं. त्याहून कमी दिवसांत जो फरक दिसतो, तो बाळाचा असण्यापेक्षा मोजणाऱ्या हाताचा असण्याचीच शक्यता जास्त.

आलेख कुणाचा, हाही प्रश्न आहे. आपल्याकडच्या बहुतेक मशीनमध्ये बसवलेला हॅडलॉक यांचा आलेख १९९१ साली प्रसिद्ध झाला. तो टेक्ससमधल्या ३९२ गोऱ्या, मध्यमवर्गीय गर्भवतींच्या मोजमापांवर बेतलेला आहे. पुढे 'इंटरग्रोथ-२१' या प्रकल्पात आठ देशांतली आठ ठिकाणं निवडली गेली, आणि त्यात ऑक्सफर्ड, सिएटल, नैरोबीच्या बरोबरीनं आपलं नागपूरही होतं. सुदृढ, नीट खाऊनपिऊन असलेल्या आणि वेळेवर तपासण्या होणाऱ्या बायकाच त्यात घेतल्या होत्या. २०१४ साली निष्कर्ष आले. आईची परिस्थिती चांगली असेल, तर गर्भाची लांबी कुठल्याही देशात जवळपास सारखीच वाढते. नागपूरची बाळं लांबीला कमी पडली नाहीत. आलेख बदलला की त्याच बाळाचं पर्सेंटाइल बदलतं, तेव्हा रिपोर्टमध्ये कुठला आलेख वापरलाय हे जरूर विचारावं.

आणि तारीख! निम्मा घोळ तिथेच असतो. पाळी अनियमित, तारीख अंदाजानं सांगितलेली, पहिली सोनोग्राफी थेट पाचव्या महिन्यात. अशा वेळी ३४ आठवडे म्हणून मोजलेलं बाळ खरं तर ३२ आठवड्यांचं असतं आणि त्याची वाढ अगदी ठीक असते. चौदा आठवड्यांच्या आत केलेली सोनोग्राफी दिवस सर्वांत बिनचूक सांगते. तो पहिला रिपोर्ट हरवणाऱ्या कुटुंबांबद्दल माझ्या मनात फारशी सहानुभूती उरलेली नाही.

"मुलगी असेल म्हणून लहान असेल का हो?" हा आणखी एक प्रश्न, वरवर अगदी साळसूद. मुली सरासरीनं थोड्या हलक्या असतात हे खरं आहे. पण १९९४ च्या कायद्यानं गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे, आणि वाढीच्या तपासणीसाठीही 'एफ' फॉर्म भरावाच लागतो. प्रश्न तिथेच संपतो.

वाढ खुंटल्याची शंका खरी ठरते तेव्हा दोष बहुधा वारेत असतो. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या मळसूत्री रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्या रुंद, सैल करतात. हे काम अर्धवट राहिलं तर वारेला रक्त कमी मिळतं. बाळ मग काटकसर सुरू करतं. यकृतातला साठा वापरला जातो, म्हणून पोटाचा घेर आधी मागे पडतो. मेंदूकडे जास्त रक्त वळवलं जातं, म्हणून डोकं टिकून राहतं. मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी येतं, लघवी कमी होते आणि गर्भजल घटतं. 'पाणी कमी झालंय' असं जे म्हणतात ते अनेकदा हेच. आईनं तांब्यावर तांबे पाणी प्यायलं तरी वारेतला दोष त्यानं भरून येत नाही.

ही काटकसर बाहेरून पाहण्याची सोय डॉप्लरनं केली. नाळेतलं रक्त ध्वनिलहरींनी मोजता येतं, हे डब्लिनच्या फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं. बाळाच्या हृदयाचा ठोका पडला की नाळेतून रक्त उसळून वारेकडे जातं, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही त्यानं पुढे वाहत राहायला हवं. पालिकेच्या नळाला दाब कमी असला की पाणी वरच्या मजल्यावर चढेनासं होतं, तसं वारेतला अडथळा वाढला की विसाव्यातला हा प्रवाह आधी मंदावतो, मग थांबतो आणि शेवटी उलटा फिरतो. मंदावलेल्या प्रवाहाला आठवड्याला तपासणी पुरते. थांबला तर दवाखान्यात दाखल करून घेतात. उलटा फिरला तर रोज पाहतात. जोखमीच्या गरोदरपणात डॉप्लर वापरल्यानं बाळांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. उपचारांच्या खात्यात इतकी मोठी कमाई कुठेच नाही.

कारण उपचार असे जवळपास नाहीतच, आणि ऐकायला जड जातं ते हेच. "बाळाचं वजन वाढवायचं इंजेक्शन नसतं का?" नसतं. अमिनो आम्लांच्या सलाइनी, हेपारिन, पुड्यांतलं आर्जिनीन यांपैकी कशानंही बाळाची खुंटलेली वाढ मार्गी लागल्याचा भरवशाचा पुरावा नाही. सिल्डेनाफिलवर फार आशा होती आणि आपल्याकडेही काही ठिकाणी ती गोळी दिली जात होती. नेदरलँड्समधली तिची चाचणी जुलै २०१८ मध्ये मध्येच बंद करावी लागली, कारण औषध घेतलेल्या आयांच्या बाळांत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर आजार आणि मृत्यू जास्त आढळले. नणंदेच्या डब्याबद्दलही दोन शब्द. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका जुन्या चाचणीत गरोदर बायकांना भरपूर प्रथिनांचं पेय दिलं होतं. त्या गटात लहान बाळं कमी होण्याऐवजी वाढली. वजन मुळात कमी असलेल्या बाईला मात्र प्रथिनं आणि उष्मांक यांचा मेळ असलेल्या जादा आहाराचा फायदा होतो. म्हणजे डाळ, भात, भाकरी, भाजी, अंडं, दूध आणि मूठभर शेंगदाणे.

आहाराचा संबंधच नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्याविषयीचं चांगलं संशोधन आपल्याच मातीत झालंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा मागोवा घेतला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउथम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी भरली. पाणी भरणं, धुणी, शेतीकाम असे कष्ट ज्यांच्या अंगावर जास्त होते त्यांची लहान. म्हणूनच महिनाभर अंथरुणाला खिळवून ठेवण्याचा उपयोग नसला, तरी डोक्यावरची घागर आणि उन्हातली खुरपणी थांबवण्याचा आहे. ही घागर दुसऱ्या कुणीतरी उचलावी लागते, आणि तो कुणी बहुधा ओपीडीच्या बाहेर मोबाइल पाहत बसलेला असतो.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून त्याच्या पुढचा प्रयोग केला. साडेसहा हजार बायकांपैकी अर्ध्यांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, तोही दिवस जाण्याच्या आधीपासून. सरसकट पाहता वजनात ठोस फरक दिसला नाही. पण दिवस राहण्यापूर्वी निदान तीन महिने हा खाऊ खाल्लेल्या बायकांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. आकडा लहान आहे, पण त्यातून वेळ कळते. चौतिसाव्या आठवड्यात ताट भरणाऱ्या घरानं ते लग्नाच्या वर्षी भरायला हवं होतं.

एक शत्रू मात्र कुठल्याही महिन्यात हाकलून लावण्यासारखा आहे. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला ओपीडीत ठाम नकार येतो. "मिश्री लावता का?" असं विचारलं की, "हो, तेवढी सकाळी लावते." मुंबईतल्या १२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती. वर सांगितलेल्या ४८ ग्रॅमच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल, काही संसर्ग आणि बाळाच्या गुणसूत्रांतले दोष ही कारणंही तपासावी लागतात. विशेषतः वाढ फार लवकर, फार जास्त मागे पडली असेल तेव्हा.

मग डॉक्टर करतात तरी काय? बाळंतपणाची वेळ निवडतात. पोटात ठेवलं तर उपासमार, बाहेर काढलं तर अपुरे दिवस, या दोन धोक्यांचा रोज हिशेब मांडतात. युरोपातल्या ६९ रुग्णालयांत झालेल्या 'ग्रिट' चाचणीत, डॉक्टरांचा निर्णय होत नव्हता अशा ५४८ गर्भवतींना 'लगेच बाळंतपण' आणि 'थांबून पाहू' अशा दोन गटांत विभागलं. बाळांच्या मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं राहिलं, १० आणि ९ टक्के. घाई करणारा डॉक्टर शहाणा आणि थांबणारा निष्काळजी, असा जो समज आहे त्याला या आकड्यांत आधार सापडत नाही. पुढे 'ट्रफल' चाचणीत २६ ते ३२ आठवड्यांत वाढ खुंटल्याचं लक्षात आलेल्या ५०३ गर्भवती होत्या. जन्मतः सरासरी वजन जेमतेम किलोभर, तरी शंभरांतली ९२ बाळं वाचली. ही युरोपातल्या सुसज्ज केंद्रांची गोष्ट, हे ध्यानात ठेवून मी तो आकडा सांगते, पण सांगते जरूर. शेवटच्या महिन्यात तर गोष्ट आणखी सोपी होते. ३६ आठवडे पार केलेल्या ६५० डच गर्भवतींच्या चाचणीत कळा आणवल्या काय किंवा वाट पाहिली काय, बाळांच्या तब्येतीत फरक पडला नाही आणि सिझेरियनचं प्रमाणही वाढलं नाही. सर्वसाधारणपणे प्रवाह थांबलेला असेल तर ३२ ते ३४ आठवडे, उलटा असेल तर ३० ते ३२, आणि डॉप्लर ठीक पण बाळ फार लहान असेल तर ३७ व्या आठवड्याच्या आसपास, असा आराखडा असतो. प्रत्येक बाईसाठी त्यात डॉक्टर आपली भर घालतात.

चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण होईलसं दिसलं की 'फुप्फुसांची इंजेक्शनं' दिली जातात. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये ऑकलंडहून त्यांची उपयुक्तता सिद्ध केली. आपल्या सरकारी दवाखान्यांत डेक्सामेथासोनचे चार डोस बारा-बारा तासांनी देतात. औषध स्वस्त आहे, पण उशिरा पोचलेल्या बाईला ते पुरेसं आधी देता येत नाही. म्हणून अतिदक्षता विभाग नसलेल्या तालुक्यातून जिल्ह्याला जायचं असेल, तर बाळ पोटात असतानाच जावं. नवजात बाळाला नेणाऱ्या कुठल्याही गाडीपेक्षा आईचं पोट सुरक्षित असतं.

मधले दिवस कसे काढायचे, हे कुठल्याच मार्गदर्शक पुस्तिकेत नीट लिहिलेलं नाही. दर चार दिवसांनी डॉप्लर असणाऱ्या बाईला तपासणीच्या आदल्या रात्री झोप येत नाही, आणि रिपोर्ट बरा आला की दोन दिवस बरे जातात. डोहाळजेवणात कुणी "पोट दिसतच नाही गं" म्हणालं की ते दोन दिवसही गेले. काही जणी बाळासाठी आणलेलं काहीही उघडून बघत नाहीत. काही रात्रभर मोबाइलवर परदेशातल्या बायकांचे अनुभव वाचतात. ओपीडीत येताना प्रश्न कागदावर लिहून आणणाऱ्या बायका बऱ्या राहतात, हे मी पाहिलंय. घरच्या एकाच माणसानं सगळ्या नातेवाइकांना खबर द्यायची आणि बाकीच्यांचे फोन घ्यायचे नाहीत, असं ठरवणाऱ्याही. नवजात कक्ष आधी एकदा बघून यावा. काचेपलीकडच्या नळ्या आणि यंत्रं पहिल्यांदा स्वतःच्याच बाळाभोवती पाहण्याचा धक्का त्यानं बराच कमी होतो. रडू थांबत नसेल, जेवण जात नसेल, बाळाविषयी काही वाटेनासं झालं असेल, तर १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. घरच्यांना एकच विनंती: वजनाच्या काट्यावर उभं करून तिची रोज उलटतपासणी घेऊ नका. आईचं वजन वाढलं म्हणजे बाळाचं वाढलं, असं नसतं.

जन्मल्यावर या बाळांना तीन गोष्टी जपाव्या लागतात: ऊब, रक्तातली साखर आणि आईचं दूध. कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडले म्हणून सुरू झाली. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतले निष्कर्ष जाहीर केले. १ ते १.८ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच छातीशी धरलं, तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात. सिझेरियन झालेल्या आईला शक्य नसेल तेव्हा वडिलांनी, आजीनं धरलं तरी चालतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांच्या हातून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला होता, हे १९९९ साली जगानं वाचलंय. काम यंत्रांवाचूनही बरंच पुढे जातं.

लहान जन्मलेल्यांपैकी नव्वदएक टक्के मुलं दोन वर्षांची होईतो उंचीनं बाकीच्यांच्या पंगतीत येतात. उंची भरली की वजनाचा हट्ट सोडावा. जन्मतः हडकुळी दिसणारी आपली बाळं चरबी मात्र राखून असतात, हे याज्ञिकांनीच दाखवलं आहे. अशा मुलांना वरचं तूप-साखर घालून गुबगुबीत करणं म्हणजे पुढच्या मधुमेहाला आवतण. आणि त्याच आईला पुन्हा दिवस राहिले, तर पहिल्याच भेटीत जुनी हकीकत सांगावी. जोखीम दिसली तर डॉक्टर सोळा आठवड्यांच्या आतच रोज रात्रीची अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात, नंतर सुरू करून तिचा तेवढा उपयोग होत नाही.

ज्यांच्या घरी आज असा रिपोर्ट आला असेल त्यांच्यासाठी शेवटचं. फाइलमध्ये पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी सर्वांत वर ठेवा आणि पुढच्या तपासणीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, डोकं सणसणून दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा अंगावरून रक्त गेलं, तर रिपोर्ट कालच चांगला आला होता म्हणून थांबू नका. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन लावा आणि निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.